फळ्यावरचा आकडा

(माहितीपटाचं निवेदन. चित्रण: मार्च २०२१ आणि ऑक्टोबर २०२१, नागपूर)

(दृश्य: बाग, सकाळ. हिरवा फळा. ओल्या फडक्यानं कालचा आकडा पुसला जातो.)

सकाळचे सव्वासात. दक्षिण-पश्चिम नागपुरातल्या एका ले-आऊटमधली, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहतीतली, ही बाग. फळा पुसणारे गृहस्थ एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखाकार कार्यालयातून निवृत्त झाले. इथे सगळे त्यांना ऑडिटवाले काकाजी म्हणतात. या फळ्यावर आधी रोज सुविचार असायचा. वर्षभरापासून तिथे कोरोनाच्या आकड्यांचे तीन रकाने आहेत. शहर, ग्रामीण, जिल्ह्याबाहेरचे.

आज शनिवार, १३ मार्च २०२१. सोमवारपासून २१ तारखेपर्यंत शहरात पुन्हा कडक टाळेबंदी लागणार आहे. गुरुवारी पालकमंत्र्यांनी तशी घोषणा केली. रोजची रुग्णसंख्या दोन हजारांच्या आसपास पोचली आहे.

(दृश्य: सिमेंटचे बाक, मध्ये अंतर सोडून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. मास्क लावलेले चेहरे.)

बागेतल्या या कट्ट्याला वीस-बावीस जण नेमानं येतात. रेल्वेचे, वीज मंडळाचे, कोळसा कंपनीचे, बँकेचे, शाळांचे. नागपूरला पेन्शनरांचं शहर म्हणतात ते अशा बागांमुळेच. आज प्राणायाम आवरता घेतलाय. कट्ट्याच्या मंडळाच्या नावानं महापालिका आयुक्तांना एक पत्र पाठवायचं आहे. त्यात टाळेबंदीला पाठिंबा द्यायचा की सवलत मागायची, यावर दोन दिवसांपासून वाद पेटलाय.

(मूळ आवाज: "आकडा वाढून राहिला, का तपासण्या वाढून राहिल्या, ते पाहा ना आधी!")

हे रेल्वेचे काका. मालगाडीवर गार्ड होते.

(मूळ आवाज: "तपासण्याबी लिहिल्या आहेत मी. मागचं पान काढा.")

(दृश्य: जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर. पानं उलटतात. डावीकडे चिकटवलेली कात्रणं, उजवीकडे शाईचे आकडे.)

या रजिस्टरवर आमचा कॅमेरा बराच वेळ थांबला. पहिली नोंद ११ मार्च २०२०ची आहे. तिच्यापुढे एकच आकडा, १. अमेरिकेहून परतलेला तो नागपुरातला पहिला रुग्ण. त्यानंतर एकही दिवस सुटलेला नाही. वर्तमानपत्रातली चौकट कापायची, डाव्या पानावर डकवायची आणि उजव्या पानावर स्वतःचा हिशोब मांडायचा. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या खतावण्या तपासलेल्या माणसाचा हा हिशोब आहे.

ऑडिटवाले काकाजी बोटानं एकेक रकाना दाखवतात. आजचा आकडा म्हणजे आज आजारी पडलेली माणसं, असं बहुतेक लोक धरून चालतात, ते चूक आहे. ताप आला की माणूस दोन दिवस घरीच काढा पितो. मग नमुना देतो. तो नमुना मेयोत किंवा मेडिकलला, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयांत जाईल, नाहीतर एम्सला, नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत. नागपुरात या सगळ्या ठिकाणी तपासण्या झाल्या आहेत. गर्दी असली की अहवाल लांबतो. अहवाल आला की नोंद होते, नोंद झाली की बेरजेत येते, आणि दुसऱ्या सकाळी ती बेरीज या फळ्यावर चढते. रविवारी नमुने कमी घेतले जातात, म्हणून आठवड्याच्या सुरुवातीला आकडा उतरतो. त्यामुळे काकाजी एका दिवसाच्या आकड्यावर बोलतच नाहीत. सात दिवसांची बेरीज करतात, सातनं भागतात आणि तो आकडा लाल शाईनं कडेला लिहितात.

(दृश्य: 'जिल्ह्याबाहेरचे' या रकान्यावर बोट.)

या तिसऱ्या रकान्यावरून सगळ्यात जास्त भांडण होतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ, पलीकडे मध्य प्रदेशातले छिंदवाडा, बालाघाट, शिवनी. पेशंट गंभीर झाला की गाडी नागपूरकडे निघते. कोरोनाच्या आधीपासून हे असंच चालत आलंय. मग त्यातला माणूस इथे गेला, तर तो मृत्यू कोणाच्या खात्यात धरायचा? रेल्वेचे काका म्हणतात, तो वगळून नागपूरचा आकडा सांगा, म्हणजे उगाच घबराट होणार नाही. त्यावर समोरच्या बाकावरून एक आवाज येतो. या बाई मुख्याध्यापिका होत्या.

(मूळ आवाज: "बेड तर नागपूरचाच गुंतला ना, काकाजी? पेशंट बालाघाटचा असो की बजाजनगरचा.")

पान पुढे जातं. १६ जून २०२०. त्या दिवशी राज्यानं जुन्या नोंदींचा ताळा घेतला आणि आधी राहून गेलेले १,३२८ मृत्यू एकदम राज्याच्या यादीत चढले. काकाजींनी तेव्हापासून हिरवी शाईही वापरायला घेतली. काळी रोजची, लाल सरासरीची, हिरवी मागाहून आलेल्या नोंदींची. तपासण्यांचं पान वेगळं आहे. शंभर तपासण्यांत किती बाधित, हे त्यावर लिहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच टक्क्यांची रेघ सांगितली होती. काकाजींनी ती पट्टीनं आखून ठेवली आहे. मार्चची सगळी टिंबं त्या रेघेच्या बरीच वर आहेत.

रेल्वेच्या काकांचा प्रश्न रास्तच होता. उत्तर या पानावर आहे. तपासण्या वाढल्या, आणि त्यांच्यापेक्षा जास्त वेगानं रुग्ण वाढले. काकांनी चष्मा वर करून ते पान दोनदा वाचलं. आकड्यावरचा वाद तिथे संपला.

पैशाचा वाद मात्र तिथून सुरू झाला.

(दृश्य: कट्ट्याच्या टोकाला, खुर्चीऐवजी दगडावर बसलेले एक वृद्ध. पायात रबरी चप्पल.)

(मूळ आवाज: "तुमची पेन्शन एक तारखेला जमा होते. म्हणून तुम्हाले बंद सुचते.")

हे बाबा ले-आऊटमधले नाहीत. बागेच्या भिंतीपलीकडच्या वस्तीत राहतात. त्यांच्या या वाक्यावर दोन मिनिटं कोणी बोललं नाही. कॅमेरा सुरूच होता. या फिल्ममध्ये ती दोन मिनिटं आम्ही कापलेली नाहीत.

(दृश्य: स्तब्धता. कावळे. दूर कचरागाडीचं गाणं.)

पेन्शन हा एकच शब्द असला तरी या बाकांवर त्याचे कितीतरी अर्थ बसलेले आहेत. केंद्र सरकारच्या निवृत्तांची पेन्शन थांबली नाही, पण २३ एप्रिल २०२०ला महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले गेले. भत्ता १७ टक्क्यांवर अडकला. डाळ-तेलाचे भाव कुठेही अडकले नाहीत. रेल्वेच्या तिकिटातली ज्येष्ठांची सवलत, पुरुषांना ४० आणि बायकांना ५० टक्के, २० मार्च २०२०ला बंद झाली.

मुख्याध्यापिका बाई खासगी शाळेत होत्या. त्या ३१ मार्च २०२०ला निवृत्त झाल्या. पैसे हातात आले जूनमध्ये. १५ लाख त्यांनी पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले, तेव्हा योजनेची तेवढीच मर्यादा होती. पण १ एप्रिलपासून व्याज ८.६ टक्क्यांवरून ७.४ टक्क्यांवर आलं होतं. तीन महिन्यांना ३२,२५० रुपये मिळायचे, ते २७,७५० झाले. पाच वर्षांसाठी हाच दर. बाईंनी हा हिशोब आम्हाला पोस्टाच्या पासबुकावर पेन्सिलीनं करून दाखवला.

(दृश्य: गेटवर 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी. वरच्या मजल्याच्या बंद खिडक्या.)

ले-आऊटमध्ये दर चार घरांमागे एक अशी पाटी आहे. वर दोन खोल्या काढायच्या, इंजिनिअरिंगची पोरं ठेवायची आणि त्या भाड्यावर म्हातारपण काढायचं, ही इथल्या कितीतरी जणांची पेन्शन. मुलं मार्च २०२०मध्ये गावी गेली, ती गेलीच. काहींच्या गाद्या आणि बादल्या अजून वरच आहेत.

आणि दगडावर बसलेले ते बाबा.

(दृश्य: गांधीसागर तलाव. काठापलीकडे मॉल.)

इथे एम्प्रेस मिल होती. जमशेदजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ला सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केलं गेलं, म्हणून नाव एम्प्रेस. वऱ्हाडचा कापूस, शेजारी जुम्मा तलावाचं, म्हणजे आताच्या गांधीसागरचं पाणी आणि दाराशी रेल्वे. मुंबई सोडून टाटांनी नागपूर निवडलं ते यासाठी. या मिलनं १८८६ साली कामगारांसाठी पेन्शन फंड काढला. साल पुन्हा ऐका, १८८६. कामगाराला म्हातारपणी काहीतरी मिळायला हवं, हा विचार तेव्हा जगातही नवा होता, आणि तो या तलावाच्या काठावर अमलात आला. मिलचा भोंगा वाजला की अर्धं नागपूर घड्याळ लावायचं, असं जुनी माणसं सांगतात. या शतकाच्या सुरुवातीला मिल बंद पडली. आता इथे मॉल आहे आणि त्यालाही एम्प्रेस हेच नाव आहे.

बाबांनी इथे साचे, म्हणजे गिरणीतली यंत्रं चालवली. आज त्यांना कर्मचारी पेन्शन योजनेतून किमान पेन्शन मिळते. सप्टेंबर २०१४पासून ती रक्कम ठरलेली आहे. महिन्याला १,००० रुपये.

(दृश्य: बाबा बँकेचं पासबुक उघडतात. १,०००. १,०००. १,०००. कॅमेरा ओळीओळीनं खाली येतो.)

एक हजार रुपये. भत्ता गोठवायचा तर आधी भत्ता असावा लागतो. बाबांच्या पेन्शनला महागाई भत्ताच नाही.

(दृश्य: वस्तीतली गल्ली. ताडपत्रीखाली पिवळी स्कूल व्हॅन. टायरमध्ये हवा नाही. बोनेटवर मांजर.)

ही त्यांच्या मुलाची व्हॅन. शाळा मार्च २०२०मध्ये बंद झाल्या, तेव्हापासून ती इथेच उभी आहे. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, व्याज मात्र चालूच राहिलं. मुलगा आता सकाळी भाजी विकतो. बागेच्या गेटवर तर्री-पोहे विकणारा भाऊ भंडारा जिल्ह्यातल्या त्याच्या गावी गेलाय. त्याची हातगाडी मंडळानं साखळीनं झाडाला बांधून ठेवली आहे.

(दृश्य: पुन्हा बाग. हात वर होतात. ऑडिटवाले काकाजी मोजतात.)

शेवटी हात वर करून मत घेतलं. अकरा जण टाळेबंदीला पाठिंबा द्यावा म्हणाले, नऊ जण म्हणाले सवलत मागावी. बाबा मंडळाचे सभासद नाहीत, म्हणून त्यांनी हात वर केला नाही. काकाजींनी मोजणी पूर्ण केली आणि पत्राचा मसुदा बाबांच्या हातात दिला. यात काय राहिलं ते सांगा, म्हणाले. त्या मसुद्यात पाठिंब्याच्या परिच्छेदाखाली वेगळ्या अक्षरात तीन ओळी वाढल्या. हातगाडीवाल्यांना ठराविक वेळ द्यावी. स्कूल व्हॅनवाल्यांच्या हप्त्यांबाबत बँकांशी बोलावं. ज्येष्ठांच्या लसीकरणाची नोंदणी मोबाईल नसणाऱ्यांसाठी वस्तीत येऊन करावी. साठीच्या वरच्यांना १ मार्चपासून लस मिळू लागली होती. सरकारी केंद्रावर फुकट, खासगीत २५० रुपये. पण आधी फोनवर नाव नोंदवणं बाबांना जमलं नव्हतं. रेल्वेच्या काकांनी त्यांचं नाव तिथेच, बाकावर बसून नोंदवलं.

(दृश्य: काकांचा मोबाईल. बाबा आधार कार्ड डोळ्यांपासून लांब धरून आकडे वाचतात.)

सोमवारी बागेला कुलूप लागलं. टाळेबंदी पुढे वाढली. एप्रिलमध्ये जिल्ह्याचा रोजचा आकडा सात हजारांवर गेला. या कट्ट्यावरचे चौघे गेले.

(दृश्य: ऑक्टोबर २०२१. रिकाम्या खुर्च्या. आवाज नाही. १५ सेकंद.)

(दृश्य: रजिस्टरचं पान. २३ एप्रिल २०२१.)

या एका पानावर सरासरी काढलेली नाही. शाईही काकाजींची नाही. रेल्वेच्या काकांचं अक्षर आहे. 'विशाखापट्टणमहून ऑक्सिजन एक्स्प्रेस आली. तीन टँकर नागपूरला उतरवले. बाकीचे नाशिकला.' ऑडिटवाले काकाजी त्या आठवड्यात दवाखान्यात होते. ते परत आले. मधल्या दिवसांची कात्रणं त्यांच्या सुनेनं जपून ठेवली होती. ती त्यांनी नंतर एकेक करून चिकटवली.

(दृश्य: फळा. तीन रकाने. शहरापुढे एक अंकी आकडा.)

जूनमध्ये राज्यानं निर्बंध उठवण्यासाठी जिल्ह्यांचे पाच स्तर केले, तेव्हा नागपूर पहिल्या, म्हणजे सर्वांत मोकळ्या स्तरात होतं. आता ऑक्टोबर आहे. महागाई भत्ता जुलैपासून २८ टक्के झालाय, मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी मिळालेली नाही. बाबांच्या पासबुकात १,००० आहेत. मुख्याध्यापिका बाईंकडे दोन मुली भाड्यानं राहायला आल्यात. तर्री-पोह्यांची गाडी अजून झाडालाच आहे.

(दृश्य: वस्तीतली गल्ली. ताडपत्री निघते. धूळ.)

४ ऑक्टोबरला शहरात आठवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले. या व्हॅनमध्ये बसायची ती पहिली-दुसरीची मुलं अजून घरीच आहेत. तरी व्हॅन सुरू करून पाहायची आहे. बॅटरी पार उतरलीये.

(दृश्य: व्हॅनच्या मागे पाच वृद्ध. रेल्वेचे काका हाताची शिट्टी मारतात.)

धक्का द्यायला बागेतून पाच जण आलेत. यातल्या तिघांनी मार्चमध्ये टाळेबंदीच्या बाजूनं हात वर केला होता.

(इंजिनाचा आवाज. काळोख.)