वारंवार गर्भपात: तपासण्या कोणत्या आणि कशासाठी

गोव्यातल्या फोंड्याच्या आजच्या सभेला सुनांबरोबर सासवा आणि काही यजमानही आले आहेत, याचे मला फार समाधान वाटते, कारण गर्भ पडला की दोष बहुधा एकट्या सुनेवर येतो. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) कामात तिने कळशी उचलली, पपई खाल्ली, खड्ड्यांतून स्कूटर चालवली, असे काहीतरी शोधून काढले जाते. वास्तविक पहिल्या तीन महिन्यांतल्या सुमारे निम्म्या गर्भपातांचे कारण गर्भाच्या गुणसूत्रांतच असते आणि स्त्रीचे वय पस्तिशीपुढे गेले की ही शक्यता वाढत जाते. कळशीचा तिथे काही संबंध नाही.

म्हणूनच दुसऱ्यांदा गर्भपात झाला, तर पडलेल्या गर्भाच्या ऊतीची गुणसूत्र-तपासणी करून घ्यावी, असा माझा आग्रह असतो. पिशवी साफ करण्याआधीच डॉक्टरांशी हे बोलून ठेवावे, कारण नमुना सवयीने फॉर्मेलिन या ऊती टिकवणाऱ्या रसायनात टाकला गेला, तर पेशी मरतात आणि त्या वाढवून करायची तपासणी अशक्य होते; त्यासाठी तो निर्जंतुक सलाइनमध्येच ठेवावा लागतो. गुणसूत्रांत दोष सापडला, तर त्या गर्भपाताचे उत्तर मिळते आणि स्त्रीच्या मनावरचे ओझेही पुष्कळ उतरते.

स्त्रीच्या तपासण्यांत सर्वांत मोलाची तपासणी अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमची. यात शरीर स्वतःच्याच घटकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि वार, म्हणजे गर्भाला पोसणारा अवयव, नीट रुजत नाही. ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन या तीन तपासण्यांपैकी एखादी सदोष आली, तरी किमान 12 आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते, कारण साध्या संसर्गानेही या प्रतिपिंडांचे प्रमाण काही काळ वाढू शकते. निदान पक्के झाले, तर कमी मात्रेतील ॲस्पिरिन आणि रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या हेपारिनची इंजेक्शने पुढच्या गर्भारपणात उपयोगी पडतात. थायरॉइड आणि रक्तातली साखर तपासावीच. गर्भाशयात पडदा आहे का, हे त्रिमितीय सोनोग्राफीत दिसते.

यजमानांनाही रक्त द्यावे लागू शकते. वारंवार गर्भपात होणाऱ्या 100 जोडप्यांपैकी सुमारे 2 ते 5 जोडप्यांत, दोघांपैकी एकाच्या गुणसूत्रांचे तुकडे जागा बदललेले असतात. ती व्यक्ती स्वतः पूर्ण निरोगी असते, त्यामुळे तपासल्याशिवाय हे कळत नाही.

मात्र टॉर्च नावाची, टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला वगैरे संसर्गांच्या खुणा रक्तात शोधणारी तपासणी आजही सर्रास लिहून दिली जाते, याचे मला वाईट वाटते. वारंवार होणाऱ्या गर्भपाताचे कारण तिच्यातून कळत नाही. उलट जुन्या संसर्गाची खूण दिसली की नको ती औषधे सुरू होतात.

सगळे तपासूनही सुमारे निम्म्या जोडप्यांत कारण सापडत नाही. अशांपैकी बहुतेकांना पुढे विशेष उपचारांशिवायही मूल होते, म्हणून निदानाविना हेपारिन टोचून घेऊ नये. पूर्वी गर्भपात झालेल्या स्त्रीला नव्या गर्भारपणात सुरुवातीलाच रक्तस्राव दिसला, तर मात्र गर्भ टिकवायला मदत करणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा लाभ होऊ शकतो. त्यासाठी ती गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणची असो वा उत्तर टोकाच्या पेडण्याची, तिने त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि जुन्या अहवालांची फाइल बरोबर न्यावी.