पुलावरचा आकडा आणि नदीचं पाणी

हळदीचे एक अडते दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडे आले. हातात ‘फुल बॉडी’ तपासणीचा चौदा पानी रिपोर्ट. ‘डॉक्टर, स्टार आलाय.’ बघितलं तर हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी 14. शेजारीच छापलेलं, 3 च्या वर म्हणजे हृदयविकाराचा धोका जास्त. गडी दोन रात्री झोपला नव्हता. घरच्यांनी पुण्याच्या मुलाला बोलावून घेतलेलं. मी म्हटलं, आधी आ करा बघू. खालची दाढ किडलेली, हिरडीत पू. दाढ काढली, तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. 1.8!

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. अंगात कुठेही दाह झाला की ते वाढतं. दाढ असो, गुडघा असो, नाहीतर हृदयाच्या धमनीत साचलेला चरबीचा थर असो. दाह आहे एवढं ते सांगतं, कुठे आहे ते सांगत नाही. लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आत असेल तर धोका कमी, 1 ते 3 मध्यम, 3 च्या पुढे जास्त, हे खरं. पण ते धडधाकट माणसाचं गणित. आकडा 10 च्या वर गेला की आधी ताप, खोकला, दात बघायचे आणि बरं वाटल्यावर तपासणी परत करायची.

मग सीआरपी उतरवला की झटका टळेल का? सांगलीकरांना हे समजायला जड नाही. पावसाळ्यात आपण सगळे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पातळीकडे डोळे लावून बसतो. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका; 2019 साली पाणी 57 च्या वर गेलं. तो आकडा महत्त्वाचा, पण पुसला म्हणून कृष्णा उतरत नाही. काहींचा सीआरपी जनुकांमुळे जन्मापासून थोडा चढा असतो. त्यांना हृदयविकार जास्त होतो का, हे तपासलं गेलं, होत नाही. म्हणजे सीआरपी ही पुलावरची पाणी मोजायची पट्टी. दाह मात्र खरोखरचं पाणी आहे. कॅनाकिनुमॅब हे औषध कोलेस्टेरॉलला हात लावत नाही, नुसता दाह कमी करतं. 2017 साली दहा हजारांवर हृदयरुग्णांच्या चाचणीत त्याच्या 150 मिलिग्रॅमच्या डोसने झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून 15 टक्क्यांनी घटले. पण जंतुसंसर्गाने दगावणारे वाढले, त्यामुळे हृदयासाठी ते काही रुळलं नाही.

दुसरं नाव लायपोप्रोटीन-ए. 1963 साली नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी शोधलं. वाईट कोलेस्टेरॉलच्या (एलडीएलच्या) कणाला एक जादा प्रथिन चिकटलेलं असतं. ते किती असावं हे बहुतांशी आईबापांकडूनच ठरून येतं. पथ्याने, चालण्याने फारसं हलत नाही. इथे जनुकांची साक्ष उलटी आहे. ज्यांच्यात ते जन्मतः जास्त, त्यांना झटकेही जास्त. ही पट्टी नव्हे, हे पाणीच. डेसिलिटरला 50 मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीची दारं घट्ट लावायची: एलडीएल, रक्तदाब, तंबाखू. तपासणी आयुष्यात बहुधा एकदाच पुरते.

तर आमचे अडते 1.8 चा कागद घेऊन खुशीत आले, मुलगाही बरोबर होता. तेव्हा मी विचारलं, घरात कमी वयात कुणाला झटका आलेला? (हे पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं, दाढेच्या नादात राहिलं.) म्हणाले, ‘थोरला भाऊ. चव्वेचाळिसाव्या वर्षी, सौदे चालू असतानाच गेला.’ त्या चौदा पानांत लायपोप्रोटीन-ए कुठेच नव्हतं. मागवलं, 92 आलं. मुलाचं रक्त काल घेतलंय.