ठिणगी फुटली तर विळी

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय पीएच.डी.बद्दल. थांबा, लगेच दुसरं स्टेशन लावू नका. हा विषय विद्यापीठातल्या लोकांपुरता नाही. तुमच्या गल्लीत, वाडीत, वस्तीवर एमए किंवा एमएस्सी झालेलं एखादं पोरगं, एखादी पोरगी असेल आणि त्या घरात आधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नसेल, तर आजचं बोलणं त्या घरासाठी आहे. दलित, आदिवासी, भटके-विमुक्त, ओबीसी, मुस्लिम समाजातली मुलं आता पदवीपर्यंत येतात. संशोधनाच्या दाराशी मात्र गर्दी विरळ झालेली असते.

कोल्हापुरात शाहू महाराजांचं नाव घेतलं की आपण २६ जुलै १९०२ चा हुकूम सांगतो, पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा. सांगायलाच हवा. पण त्याच्या आधी, १९०१ मध्ये, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं होतं. मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह झालं. नुसती जागा राखून भागत नाही, खेड्यातून आलेल्या पोराच्या जेवणाची आणि अंथरुणाची सोय लागते, हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं. गंगाराम कांबळे या अस्पृश्य समाजातल्या माणसाच्या हॉटेलात महाराजांनी घेतलेल्या चहाची गोष्ट आज सांगत नाही, तुम्हाला ती पाठ आहे. आपण ती जरा जास्तच सांगतो, असं माझं मत. चहा सगळ्यांना आठवतो, वसतिगृहाच्या धान्याचं बिल कुणाला आठवत नाही.

आणि पैशाचं म्हणाल तर खुद्द बाबासाहेबांना १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं होतं. मार्च १९२० मध्ये आपल्या कोल्हापूरकडच्या माणगावची अस्पृश्यांची परिषद झाली आणि त्याच वर्षी ते पुन्हा लंडनला गेले. स्वतःची शिल्लक, मित्राकडून उसने घेतलेले पैसे आणि शाहू महाराजांची मदत, असं जमवून. डी.एस्सी. मिळाली १९२३ मध्ये. एवढ्या बुद्धीच्या माणसाची ही गत. मग आपल्या पोरांचं काय?

आता नियम, थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के गुण लागतात, मागासवर्गीयांना त्यात ५ टक्के सवलत. प्रवेश परीक्षा दिली की लेखीला ७० टक्के वजन आणि मुलाखतीला ३०. पुन्हा सांगते. लेखी सत्तर, मुलाखत तीस. लेखीचा पेपर आडनाव बघत नाही. मुलाखतीत समोर माणसं बसलेली असतात. त्या तिसातलीच एक गोष्ट सांगते.

मी भौतिकशास्त्र शिकवायचे. निवृत्त होण्याआधी एका ठिकाणी पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखतींना मला बोलावलं होतं. ठिकाणाचं नाव राहू दे. आम्ही चारजण बसलो होतो, त्यातले एक ओतकामाच्या धंद्यातले, शिरोलीत स्वतःची फाउंड्री असलेले. दुपारची वेळ, जेवण झालेलं, सगळे पेंगुळलेले. एक मुलगा आत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फुगलेली फाइल. लेखीत चांगले गुण होते. आमच्यातल्या एकांनी इंग्रजीतून विचारलं, तुमच्या विषयात आजवर काय संशोधन झालंय आणि काय व्हायचं राहिलंय? पोरगा गप्प. दुसरा प्रश्न, तोही इंग्रजीत. पुन्हा गप्प. अध्यक्षांनी कागदावर काहीतरी आकडा टाकला. तो मोठा नसणार, हे मला त्यांच्या पेनाच्या हालचालीवरून कळलं.

माझी नजर अर्जावर गेली. वडिलांचा व्यवसाय, लोहारकाम. जात, घिसाडी. म्हणजे बैलगाडीवर, आता टेम्पोवर, भाता आणि ऐरण घेऊन गावोगाव फिरणारी माणसं. मी आपलं मराठीत विचारलं, "वडील विळीला धार लावून देतात का रे?" बाकीचे हसले. बाईंना घरची विळी आठवली, असं वाटलं असेल त्यांना.

मुलगा म्हणाला, "मॅडम, धार लावणं वेगळं आणि पाणी देणं वेगळं."

आणि उठून उभाच राहिला. टेबलावरची पट्टी उचलली, तेच पातं. म्हणाला, पातं लाल करायचं, मग फक्त धारेची कड पाण्यात धरायची, पाठ बाहेर. धार गार होते, पाठीत धग राहते. बाहेर काढून धार दगडावर चटकन घासायची, चकाकली पाहिजे. मग पाठीतली धग हळूहळू धारेकडे सरकते आणि चकाकत्या कडेवर रंग चढतात. आधी फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. विळी असेल तर गव्हाळी पिवळ्यावरच थांबायचं आणि सगळं पातं पाण्यात घालायचं. निळ्यापर्यंत जाऊ दिलं तर धार मऊ पडते. रंग न बघता पहिल्या पाण्यावरच सोडलं तर विळी ठिसूळ राहते, कडक काही चिरताना कपचा उडतो.

श्रोतेहो, तो पिवळा म्हणजे साधारण सव्वादोनशे अंश सेल्सिअस आणि निळा तीनशेच्या आसपास. हे मी वर्गात तक्ता काढून शिकवत होते. या पोराचा बाप ते थर्मामीटरशिवाय रोज करत होता.

मी विचारलं, "रंग उन्हात कसा दिसतो?"

"नाही दिसत. म्हणून आई गोणपाट धरते. लहानपणी माझं काम तेच होतं, सावली धरायचं."

आता फाउंड्रीवाल्यांनी मोबाइल खाली ठेवला. ते म्हणाले, "भंगारातलं कुठलं लोखंड विळीला चालतं हे वडील कसं ओळखतात?" मुलगा म्हणाला, "सहाणेवर धरतात, सर. ट्रकचा पाटा असला की ठिणग्या फुटतात, फांद्या फुटल्यागत. साध्या सळईच्या सरळ जातात." आणि मग बापाची बोली आली, "ठिणगी फुटली तर इळी, न्हाई फुटली तर उलथनं."

फाउंड्रीवाले हसायलाच लागले. म्हणाले, "हेच बघायला मी लाखांचा स्पेक्ट्रोमीटर घेतलाय." मग गंभीर होऊन विचारलं, "का फुटते?"

"कार्बनमुळं."

"किती कार्बनला?"

"मोजलं नाही कधी."

"मग मोज की!"

झालं. भंगारातल्या स्प्रिंगच्या पोलादापासून केलेल्या पात्यांची कठीणता, हाच पुढं त्याचा विषय झाला. अध्यक्षांनी आकडा खोडून नवा लिहिला. टेम्परिंगवरचा, म्हणजे पोलादाला असं पाणी देण्यावरचा, प्रश्न त्यानं एमएस्सीला सोडवला होता, गुणही मिळवले होते. पण घरी चाललंय ते हेच, असं त्याला कुणी शिक्षकानं सांगितलं नव्हतं. त्या दुपारी माझा प्रश्न चुकून लागला. सगळीकडं विळीची आवड असलेली बाई कशी असणार? आणि विळीवरून आठवलं, स्टेनलेसच्या विळीला मी विळी मानत नाही. मेथी चिरून बघा, कळेल. असो.

त्याच मुलाला त्याच्याच समाजातल्या एका पुढाऱ्यानं सल्ला दिला होता, कशाला लोखंडाच्या नादी लागतोस, आपल्या समाजाच्या समस्यांवर लिही, लगेच होईल. याचा मला फार राग येतो. समाजाच्या समस्यांवर संशोधन व्हायलाच हवं, पण ते कुणीही करावं. भटक्यांच्या पोरानं भटक्यांवर, दलितांच्या पोरीनं दलितांवर, आणि तारे, पोलाद, जीवाणू बाकीच्यांनी वाटून घ्यायचे, ही वाटणी कुणी केली?

आता पैसा. यूजीसीची ज्युनिअर फेलोशिप, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार, सीनिअर ४२ हजार. आपल्या राज्यात फेलोशिप देणाऱ्या सरकारी संस्था आहेत, अनुसूचित जातींसाठी बार्टी, आदिवासींसाठी टीआरटीआय, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी. अल्पसंख्याकांची मौलाना आझाद फेलोशिप केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये बंद केली. मला ते पटलेलं नाही. आणि एक लक्षात ठेवा, फेलोशिप मंजूर होणं वेगळं आणि खात्यावर जमा होणं वेगळं. मध्ये महिनेच्या महिने जातात. आमचा हा मुलगा तोवर सुट्टीच्या दिवशी आईबरोबर लक्ष्मीपुरीच्या बाजारात चिमटे, उलथनी विकत होता. विद्यापीठांनी पहिल्या काही महिन्यांची उचल स्वतःच्या निधीतून द्यावी आणि फेलोशिप आली की कापून घ्यावी. एवढं अवघड आहे का ते? साखर कारखाने तोडणीच्या टोळ्यांना उचल देतातच की.

गाइडचं, म्हणजे पीएच.डी.च्या मार्गदर्शकाचंही गणित आहे. प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी. शिक्षकांची पदं रिकामी राहिली की संशोधनाच्या जागा आपोआप घटतात. आरक्षण मग कशावर लावणार?

शेवटी कागद. जात वैधता प्रमाणपत्रासाठी पुरावा लागतो तो अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. आजोबा पालात जन्मले, पालात वारले, त्यांचा कसला पुरावा? या मुलाचं काम अडलं ते इथंच. सुटलं कशामुळं, तर त्याचे एक चुलत आजोबा लहानपणी गडहिंग्लजकडच्या एका शाळेत काही महिने बसले होते. शाळेच्या जनरल रजिस्टरात नावापुढं घिसाडी असं लिहिलेलं सापडलं.

म्हणून पुन्हा सांगते. प्रवेशाची जाहिरात येण्याची वाट बघू नका. वडील, आजोबा, चुलते, चुलत आजोबा, वडिलांकडचं जे कुणी एक दिवस जरी शाळेत गेलं असेल, त्या शाळेत जा, जनरल रजिस्टरचा उतारा मागा, मुख्याध्यापकांचा सही-शिक्का घ्या. जुनी रजिस्टरं वाळवी खाते, पावसाळ्याच्या आत जा. आणि भटक्या-विमुक्तांनी, ओबीसींनी नॉन-क्रीमीलेअरच्या दाखल्याची तारीख आजच तपासा, मुदत संपलेली असते आणि ते कळतं शेवटच्या दिवशी.

नमस्कार.