पिवळे खळगे

(दृश्य: इन्क्युबेटरचं दार उघडतं. हातमोजा घातलेल्या हातात प्लास्टिकची प्लेट.)

तळहाताएवढ्या प्लेटमध्ये 96 खळगे. परवापर्यंत सगळ्यांत गुलाबी द्रव होता. आज काही खळगे पिवळट दिसतायत. म्हणजे तिथल्या पेशी जगल्या, वाढल्या आणि त्यांनी आम्ल सोडलं.

त्यांच्याकडून हवी आहे एक अँटिबॉडी, उंदराच्या टी-पेशीवरचा नेमका एकच रिसेप्टर (पेशीच्या पृष्ठभागावरचं, संदेश पकडणारं प्रथिन) ओळखणारी. सूक्ष्मदर्शकाखाली टी-पेशी काय नि बी-पेशी काय, दोन्ही रोगप्रतिकारक पेशी, सारख्याच गोल. कोण कोणती, ते रिसेप्टरवरूनच कळतं.

अडचण अशी, की उंदीर स्वतःच्या प्रथिनांविरुद्ध सहसा अँटिबॉडी बनवत नाही. म्हणून माऊसचं प्रथिन टोचायचं ते रॅटला, नाहीतर हॅमस्टरला. मराठीत माऊस आणि रॅट दोघेही उंदीरच. प्रतिकारशक्ती मात्र अशी गल्लत करत नाही.

मग रॅटच्या प्लीहेतल्या, अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी काढायच्या. शरीराबाहेर त्या फार दिवस तगत नाहीत. मायलोमाच्या, म्हणजे रक्ताच्या एका कर्करोगाच्या, पेशी मात्र वाढतच राहतात. 1975 मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाइन यांनी अशा दोन पेशींची एक पेशी केली: हायब्रिडोमा. 1984 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता तो यासाठीच. जोडी न जमलेल्या मायलोमा पेशी हॅट नावाच्या खास पोषक द्रवात मरतात.

इथवर सगळं कृतीबरहुकूम. कस लागतो तो पुढे, निवडीत. खळग्यातला थेंब दोन पेशींवर टाकायचा. एकीवर रिसेप्टर आहे, दुसरीतून त्याचं जनुकच काढलंय. वर अँटिबॉडीला चिकटणारा चमकता रंग टाकायचा. दोन्ही चमकल्या, तर खळगा बाद. एकही चमकली नाही, तरी बाद.

त्यात एक चकवा. मॅक्रोफेजसारख्या, जंतू गिळणाऱ्या पेशी भलत्याच अँटिबॉडीलाही शेपटाकडून पकडतात, एफसी रिसेप्टरनं. तो आधी झाकायला 2.4जी2 वापरतात, तीही रॅटचीच अँटिबॉडी.

केमोकाइन (पेशींना बोलावणारे संदेश) पकडणारा रिसेप्टर तर फारच हट्टी. पेशीपटलातून सात वेळा ओवलेला, बाहेर डोकावतो तो थोडासाच. पटलातून सोडवला की आकार बिघडतो. म्हणून तो भरपूर बनवणारी अख्खी पेशीच टोचतात.

आणि सापडलेली अँटिबॉडी खूण करून गप्प बसेलच असं नाही. 1987 मधली, हॅमस्टरपासून मिळवलेली 145-2सी11 ही अँटिबॉडी टी-पेशीवरच्या सीडी3 या प्रथिनाला धरते, आणि त्या पेशीला कामालाही लावते.

(दृश्य: पिपेटचं टोक, त्याखाली एक खळगा.)

आजच्या प्लेटमधला हा एक टिकला. पण यात दोन-तीन कुळं मिसळलेली असू शकतात. म्हणून पेशी इतक्या विरळ करायच्या, की खळग्यागणिक सरासरी एकसुद्धा पडू नये. नवी प्लेट. पुन्हा 96 गुलाबी खळगे.