माऊस कुणाच्या हातात?

श्रोतेहो, नमस्कार.

मी पॉलिटेक्निकला शिकवते, कॉम्प्युटर विभागात. वर्षाच्या सुरुवातीला आमच्या लॅबमध्ये एक चित्र हमखास दिसतं. एका कॉम्प्युटरपुढे दोघं बसलेले. माऊस मुलाच्या हातात, शेजारी मुलगी वही उघडून. प्रोग्रॅम तो टाइप करतो, एरर आली की खटपटही तोच करतो. ती आउटपुट उतरवून घेते, सुबक अक्षरात, समास आखून, शीर्षकाखाली लाल रेघ ओढून. वर्षअखेरीला जर्नल तपासायला घेतली की सगळ्यात नेटकी जर्नल मुलींची. तोंडी परीक्षेतही उत्तरं तिचीच बरी असतात. पण ‘चल, करून दाखव’ म्हटलं की तिचा हात कीबोर्डपाशी जाऊन थबकतो.

हे कुणी ठरवून केलेलं नसतं. घरातच तसं चालत आलेलं असतं. शेतावरच्या मोटरीचा स्टार्टर असो, इन्व्हर्टर असो, हँग झालेला मोबाईल असो, ‘दे इकडं, तुला नाही जमायचं’ म्हणून कुणीतरी ते हातातून काढून घेतं. काढून घेणारा प्रेमानेच घेतो, ही त्यातली मोठी गंमत. आणि ज्याच्या हातात यंत्र, तोच शिकतो. बघणारा फक्त बघतो.

मुलींच्या आणि महिलांच्या तंत्रशिक्षणावर बोलायचं म्हटलं की योजनांची यादी वाचायची पद्धत आहे. ती मी लवकर उरकते. आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून राज्य सरकारने पूर्ण माफ केली. प्रवेश मात्र सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नव्हे. डिप्लोमा आणि डिग्रीच्या मुलींसाठी एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, ‘प्रगती’ शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,००० रुपये, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. खेड्यातल्या मुलीला बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. इंजिनिअरिंगच्या जागांमध्ये मुलींसाठी ३० टक्के आरक्षण आहे. थोडक्यात, पैशाची अडचण होती ती बरीचशी सैल झाली आहे.

मग अडतं कुठं? जत किंवा माण तालुक्यातल्या एखाद्या मुलीची कल्पना करा. दहावीला चांगले मार्क, गणित आवडतं. घरात कॉलेजची पायरी चढलेलं कुणी नाही. तिचा कॅपचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, कोण भरतो? तालुक्याच्या गावचा नेट कॅफेवाला. त्याच्यापुढे जूनच्या गर्दीत चाळीस पोरं उभी असतात. तो कॉलेजांची नावं सुचतील त्या क्रमाने टाकतो. या प्रक्रियेत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तेच घ्यावं लागतं, पुढच्या फेरीची वाट बघता येत नाही, हे त्या मुलीला कुणी सांगितलेलंच नसतं. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेयर यांसाठी मार्चमध्येच सेतू केंद्रात जायला हवं होतं, हेही जूनमध्ये कळतं. सगळ्या योजना असून ती भलत्याच शाखेला, भलत्याच गावी जाऊन पडते, नाहीतर घरीच राहते.

तिला काय हवं होतं? गेल्या वर्षी हाच फॉर्म भरलेली एक मुलगी. बस, तेवढंच. मार्गदर्शक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिकेतून आलेली, स्टेजवर बोलणारी कुणी बाई येते. तशा बायकांची भाषणं मुली टाळ्या वाजवून ऐकतात आणि ‘आपल्याला कुठलं जमायला’ म्हणत बसस्टँडवर जातात. एक पायरी पुढे असलेल्या मुलीचा हात धरता येतो. दहा पायऱ्या पुढे असलेलीला फक्त मान वर करून बघता येतं.

पहिल्या सेमिस्टरला विषय राहतो तेव्हा तर हे फारच जाणवतं. मराठी शाळेतून आलेल्या मुलीवर सगळं इंग्रजी एकदम येऊन आदळतं, एखादा विषय जातो. मुलाचा गेला तर घरी दोन दिवस आरडाओरडा होतो आणि मग ‘पुढच्या वेळेला काढ’. मुलीचा गेला तर त्याच दिवाळीत स्थळं बघायला सुरुवात झालेली मी पाहिली आहे. अशा वेळी होस्टेलवरची वरच्या वर्षाची मुलगी जेव्हा सांगते, ‘अगं, माझे तर दोन राहिले होते, ही बघ माझी आत्ताची मार्कशीट’, तेव्हा त्या एका वाक्याने जे होतं, ते आम्हा शिक्षकांच्या तासभराच्या समजुतीने होत नाही.

हे आपल्या सातारा जिल्ह्याला नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात आणली, तेव्हा शाळेइतकंच बोर्डिंगचं महत्त्व त्यांनी ओळखलं होतं. पोरगं शाळेत घालणं सोपं, टिकवणं अवघड. त्या बोर्डिंगमधल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. आणि खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई? ३ जानेवारीला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, पण एक गोष्ट विसरतो. त्यांनाही आधी कुणीतरी शिकवलं, घरी जोतिरावांनी, मग शिक्षिकेचं रीतसर प्रशिक्षण झालं, आणि मग त्या वर्गावर उभ्या राहिल्या. एकटीने, आपोआप, कुणीच घडत नाही.

आता म्हसवडला जाऊ. माण तालुका, पाऊस बेताचा, मेंढपाळांचा मुलूख. तिथे सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने बायकांनी स्वतःची सहकारी बँक काढायचं ठरवलं. अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला, कारण काही प्रवर्तक बायकांनी सहीच्या जागी अंगठे उठवले होते. बायका गावी परतल्या आणि अक्षरं गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आम्हाला लिहिता-वाचता येत नव्हतं कारण आमच्या गावात शाळा नव्हती, पण हिशेब येतो. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, कॅल्क्युलेटरशिवाय सांगतो, आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही तसंच सांगायला लावा! १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

पण मला जास्त आवडते ती त्यानंतरची गोष्ट. बँकेने डिजिटल व्यवहारासाठी पिन नंबरचं कार्ड द्यायचं ठरवलं, तर बायकांनी नकार दिला. बँकेला वाटलं, पिन लक्षात ठेवायला घाबरत असतील, समजावून सांगू. तसं नव्हतं. त्यांचं म्हणणं, पिन कुणीही काढून घेईल आणि कष्टाचे पैसे घेऊन जाईल, अंगठा कोण नेणार? तेव्हा कार्ड अंगठ्याला जोडा. श्रोतेहो, सुरक्षेची व्यवस्था आखताना धोका नेमका कुणाकडून आहे, हे आधी विचारायचं असतं. आम्ही वर्गात ते शिकवतो. या बायकांना ते माहीत होतं, कारण धोका त्यांच्याच उंबऱ्याच्या आत होता.

उलट उदाहरणही आहे. अंगणवाडी सेविकांना पोषणाच्या नोंदींसाठी मोबाईल आणि ॲप दिलं, त्यातलं बरंच काही सुरुवातीला इंग्रजीत होतं, आणि फोन इतक्या हलक्या दर्जाचे निघाले की २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते परत करून आंदोलन केलं. तेव्हा कुणीकुणी म्हणालं, बायकांना टेक्नॉलॉजी नको असते. अहो, त्यांना चालणारा फोन आणि वाचता येणारं ॲप हवं होतं!

आज तीच सेविका वजन-उंचीच्या नोंदी मोबाईलवर भरते, माहिती अपलोड होत नसेल तर रेंज शोधत गच्चीवर जाते, आधारचे घोळ निस्तरते. बचत गटातली बीसी सखी, म्हणजे गावात बँकेची प्रतिनिधी म्हणून काम करणारी बाई, छोट्या मशीनवर म्हाताऱ्यांची पेन्शन काढून देते. काही गटांच्या बायका ड्रोनने औषध फवारतात. ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवरचा पंप घेऊन आत शिरता येत नाही, तिथे ड्रोन एक एकर साधारण आठ-दहा मिनिटांत उरकतो. त्याचं प्रशिक्षण १५ दिवसांचं, आणि परवान्यासाठी शिक्षण दहावी पास. म्हणजे तंत्रज्ञान हाताळणारी बाई आपल्या गावात आहेच. शाळेने तिला कधी बोलावलंय? २६ जानेवारीला व्यासपीठावर पाहुणे कोण कोण असतात, तुम्हीच आठवून बघा. आठवीच्या मुलींसमोर ड्रोन उडवणारी बाई तासभर उभी राहिली, बॅटरी किती वेळ टिकते, वारा सुटला तर काय करायचं, पहिल्यांदा हात किती थरथरला हे सांगू लागली, तर मुली प्रश्न विचारतात.

पण शिकवायचं कसं, याबद्दल माझं एक हट्टाचं मत आहे. शिकवणाऱ्याने हात पाठीमागे बांधावेत. माऊसला हात लावायचा नाही, फोन हातात घ्यायचा नाही. तोंडाने सांगायचं, ती चुकेल, चुकू द्यायचं. लॅबमध्ये आम्ही दर वीस मिनिटांनी जागा बदलायला लावतो, माऊस एकाकडे, वही दुसऱ्याकडे, मग उलट. पहिल्या आठवड्यात मुलं कुरकुरतात आणि मुलीही, त्यांना वहीच बरी वाटते! दिवाळीपर्यंत चित्र बदलतं.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातही असाच प्रश्न होता. १९९५ मध्ये तिथे कॉम्प्युटर सायन्सला येणाऱ्यांत मुली होत्या ७ टक्के. कारणं शोधताना दिसलं की अनेक घरांत कॉम्प्युटर मुलाच्या खोलीत ठेवलेला होता. मुली हुशार होत्या, पण हात लावायला मिळालेला नव्हता. विद्यापीठाने प्रवेशाचे निकष बदलले, आधी प्रोग्रॅमिंग न केलेल्यांसाठी वेगळी सुरुवात ठेवली. २००० साली मुलींचं प्रमाण ४२ टक्क्यांवर गेलं. घरचा कॉम्प्युटर कुठे ठेवायचा, हे मात्र कुठलंच विद्यापीठ ठरवू शकत नाही. ते तुमच्या-माझ्या हातात आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३३ टक्के बायकांनी कधीतरी इंटरनेट वापरलेलं होतं, पुरुषांचं प्रमाण ५७ टक्के. आता फोन घरोघरी आहे, पण मुलीच्या वाट्याला तो भांडी घासून झाल्यावर येतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास सगळ्या घरांतले टीव्ही-मोबाईल बंद ठेवायची रीत पाडली. मला तिच्यातला सारखेपणा आवडला. बंद तर सगळ्यांचा बंद. बाकी अनेक घरांत फोन बंद होतो तो फक्त मुलीचा.

आईबापांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. फोटोत फेरफार करून धमकावणारे आहेतच. पण फोन काढून घेतला की मुलगी पुढच्या वेळी तुम्हाला काही सांगणार नाही, आणि धमकावणाऱ्याला तेच हवं असतं. त्याऐवजी दोन गोष्टी घरात सगळ्यांना पाठ असू द्या. पैशांची फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन. आणि महिला-मुलींविरुद्धच्या गुन्ह्याची तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर नाव न सांगताही करता येते.

आता घरातल्या मोठ्या बायकांसाठी एक काम. लाडक्या बहिणींची ई-केवायसी झाली तेव्हा किती जणींचा ओटीपी नवऱ्याच्या, पुण्यात कामाला असलेल्या मुलाच्या, नाहीतर कधीच बंद पडलेल्या नंबरवर गेला! ओटीपी ज्याच्या फोनवर, व्यवहार त्याच्या हातात. तुमच्या आधारला आणि बँकेच्या खात्याला कुठला नंबर जोडलाय ते या आठवड्यात बघून घ्या. तुमचा स्वतःचा नसेल तर बदला. आधारच्या नंबरासाठी आधार केंद्रावर जा, किंवा पोस्टात विचारा, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या सेवेत पोस्टमनसुद्धा आधारचा मोबाईल नंबर बदलून देतो. जाताना लेकीला किंवा शेजारच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला सोबत न्या. फक्त फोन तुमच्याच हातात ठेवा, आणि ती घ्यायला लागली तर देऊ नका.

नमस्कार.