माप कोणाच्या हातात होतं?

मंडळी, खळ्यावर रास मोजताना आपल्याकडे पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. लाभ, मग दोन, मग तीन. ज्यांचं बालपण गावाकडे गेलं त्यांच्यापैकी काहींना हे आठवत असेल. त्याच राशीतून बलुतेदारांचे वाटे निघत, देवाचा वाटा निघे आणि सरकारचाही. धर्म, समाज, राज्य हे आपण शाळेत तीन वेगळे धडे म्हणून शिकलो. खळ्यावर तिन्ही एकाच पायलीने मोजले जात. म्हणून सुमेर, इजिप्त आणि सिंधू या नदीकाठच्या तीन संस्कृतींची तुलना करताना मी एकच प्रश्न धरून चालणार आहे. माप कोणाच्या हातात होतं?

सुमेरमध्ये, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमध्ये, उरुक नावाचं शहर होतं. तिथे इसवी सनपूर्व ३३०० च्या सुमाराची मातीची वाडगी ढिगाने सापडतात. ओबडधोबड, तिरप्या काठांची, साच्यात दाबून घाईघाईने केलेली. काही अभ्यासक म्हणतात, हे पाव भाजायचे साचे. मला दुसरं मत अधिक पटतं, की राबणाऱ्या माणसाला दिवसाचा शिधा मोजून द्यायचं हे भांडं होतं. कारण सुमेरी लिपीत ‘खाणे’ या शब्दाचं जुनं चिन्ह पाहा: माणसाचं डोकं आणि त्याच्या तोंडाशी वाडगं. ही लिपी काव्यासाठी जन्मली नाही. जव किती आले, किती वाटले, कोणाला दिले, हे लिहिण्यासाठी ती जन्मली, आणि हा हिशेब ठेवणारी जागा म्हणजे देवळाचा परिसर. सुमेरमध्ये शेतं देवाची, बैल देवाचे, कोठार देवाचं. नगराचा प्रमुख, ज्याला ‘एन्सी’ म्हणत, तो देवाचा कारभारी.

पण कारभारी कधी मालक होतो, ते कळायला वेळ लागतो. लगाश या नगरराज्याचा उरुकगिना नावाचा शासक होऊन गेला, इसवी सनपूर्व २३५० च्या आसपास. त्याचे लेख मातीवर कोरलेले सापडले आहेत. तो लिहितो की आधीच्या काळी देवाचे बैल एन्सीच्या कांद्याच्या वाफ्यांत नांगराला जुंपले जात, आणि एन्सीचे कांदे-काकड्या देवाच्या उत्तम जमिनीत पिकत. मढं पुरायला नेलं तरी तिथला अधिकारी ७ घागरी बिअर आणि ४२० पाव वसूल करी. उरुकगिनाने ते ३ घागरी आणि ८० पावांवर आणलं. विधवा आणि अनाथ यांना बलवंतांच्या तावडीत देणार नाही, असा शब्द त्याने निंगिर्सू देवाला दिला. मला हा लेख फार मोलाचा वाटतो. साडेचार हजार वर्षांपूर्वी सत्तेच्या दारात उभं राहून कोणीतरी पाव मोजले आणि म्हटलं, हे जास्त होतात. काही वर्षांतच शेजारच्या उम्माच्या राजाने लगाश लुटलं, ती गोष्ट वेगळी.

पुढे बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या स्तंभावर, इसवी सनपूर्व १७५० च्या सुमारास, सूर्यदेव शमाश राजाला एक काठी आणि एक कडं देताना दिसतो. अनेक अभ्यासक ते जमीन मोजायची काठी आणि गुंडाळलेली दोरी मानतात. म्हणजे माप अजून देवाचंच, पण आता ते राजाच्या हाती सुपूर्द होतं आहे.

इजिप्तमध्ये हे हस्तांतर दाखवायची गरजच पडली नाही, कारण राजा स्वतःच देव होता, होरस. तिथे मोजायची पहिली वस्तू धान्य नव्हे, पाणी. नाईलचा पूर उन्हाळ्यात चढायचा, शरदात ओसरायचा आणि मागे काळा गाळ ठेवून जायचा, पेरणी त्यानंतर. तैग्रिस-युफ्रेटिसचा पूर मात्र वसंतात, पीक उभं असताना यायचा. इजिप्तचे देव म्हणून शांत आणि सुमेरचे लहरी, असं पुष्कळदा सांगितलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. नाईलही काही वर्षं दगा द्यायची. म्हणूनच तर पालेर्मो शिला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजावळीत वर्षागणिक पुराची उंची हात, मूठ, बोटं अशी नोंदलेली आहे. पूर किती आला यावर पीक किती, आणि पिकावर सारा किती.

२०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पपायरस सापडले. खुफू राजाच्या काळातले, म्हणजे थोरल्या पिरॅमिडच्या बांधकामाच्या वेळचे. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. सुमारे ४० माणसांची टोळी घेऊन तो तुरा इथल्या खाणीतला चुनखडक नावेने गिझाला पोचवायचा. आणि त्या रोजनिशीशेजारीच धान्य किती आलं, किती येणं बाकी, याचे हिशेब. देवराजाचं थडगं शिध्यावर उभं राहत होतं.

तो शिधा थांबला की काय होई, तेही नोंदलेलं आहे. रामसेस तिसरा याच्या राजवटीच्या २९ व्या वर्षी राजांची थडगी खोदणारे कारागीर काम टाकून निघाले आणि मंदिरामागे जाऊन बसले. आम्ही भुकेले आहोत, महिन्याचे १८ दिवस उलटले, असं ते म्हणाले. जगातला हा सर्वांत जुना नोंदलेला संप. जाऊन बसायला त्यांना मंदिराचीच जागा सुचली, कारण धान्याची कोठारं तिथेच होती.

आता सिंधूकडे येऊ. इथे मी थोडा जास्त रेंगाळणार आहे.

मोहेंजोदडोत १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद महास्नानगृह आहे, डांबराने गळती बंद केलेलं. घराघरांत विहिरी आहेत, झाकलेली गटारं आहेत. नाही ते राजाचं थडगं. नाही तो निर्विवाद राजवाडा. ज्याला ‘पुरोहित-राजा’ म्हणतात तो पुतळा जेमतेम १७.५ सेंटिमीटर उंच. नाव उत्खनन करणाऱ्यांनी दिलेलं. ‘धान्यकोठार’ म्हटली गेलेली इमारत आहे, पण तिच्यात धान्य मिळालं नाही. याच काळात सुमेरमधल्या उर शहरात एका शाही थडग्यात ७४ माणसं सोबतीला पुरली गेली, आणि तिथल्या दफनांत सिंधू खोऱ्यातले लालसर अकीकाचे मणी निघाले. मणी इथून जात होते, प्रथा मात्र इथे दिसत नाही.

आणि तरीही माप आहे! चर्ट दगडाचे घनाकृती, घासून गुळगुळीत केलेले वजनाचे दगड. हडप्पापासून गुजरातेतल्या लोथलपर्यंत एकाच पद्धतीचे. एका मूळ वजनाच्या दुप्पट, चौपट, आठपट, सोळापट. सोळापटीचं वजन साधारण १३.६ ग्रॅम. आपल्या आज्यांच्या तोंडी शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक होतं, ते असंच अर्ध्याअर्ध्याने उतरत सोळाव्या हिश्शावर येतं. दोन्हींचं थेट नातं आहे असं मी म्हणणार नाही. पण हे दगड हातात घेतले की परके वाटत नाहीत. हडप्पात ते वेशीच्या दरवाजांपाशीही सापडले आहेत, म्हणजे तिथे कोणीतरी जकात घेत असावं. माप सांभाळणारे होते, आणि त्यांनी ते शेकडो वर्षं इतकं नेमकं सांभाळलं. फक्त त्यांनी स्वतःचे पुतळे उभारले नाहीत. व्यापारी होते, कुळांची पंचायत होती, की पुरोहित? मुद्रांवरची अक्षरं वाचता येईपर्यंत मी यातलं एकही नाव घेणार नाही. मात्र सत्ता म्हणजे सिंहासन, हे समीकरण सिंधूपाशी तुटतं, एवढं नक्की.

शेवटी आपल्या जवळचं एक घर दाखवतो. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून १४-१५ वर्षं खोदकाम केलं. ताम्रपाषाण काळातलं गाव, बहुतेक घरं एकाच खोलीची. पण एक घर पाच खोल्यांचं, आणि त्याला लागून धान्याचं कोठार. इनामगावात प्रौढ माणसाला पुरताना घोट्याखालची पावलं तोडत. गावप्रमुखाचं मानलं गेलेलं एक दफन मात्र निराळं आहे: चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला पुरुष. त्याची पावलं शाबूत आहेत.