मॅशचं पाणी: सॉफ्टवेअरला आकडे आपण द्यायचे

मंडळी, काजूची भट्टी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. बोंडं तुडवून काढलेल्या रसात साखर तयारच असते. बिअर ज्यापासून होते त्या बार्लीच्या मॉल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यात, मात्र असतो स्टार्च. त्याची साखर व्हायला पाण्यात मिसळलेल्या धान्याला साधारण ६५ ते ६८ अंशांची ऊब लागते आणि तासभर धीर. हेच मॅश. (परवान्याचं काय ते अबकारी खात्यात आधी विचारून घ्या, मगच भांडं चुलीवर चढवा.)

बिअरचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर बिअरस्मिथ घ्या नाहीतर ब्रूफादर, दोन्ही चांगली आहेत. पण त्यात आधीच भरून ठेवलेले आकडे तुमच्या भांड्याचे नसतात, आणि फोंड्याच्या हवेचे तर नसतातच.

फळ्यावर बघा. ५ किलो मॉल्ट आहे, फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, २० लिटर हवेत. केटलच्या, म्हणजे उकळायच्या भांड्याच्या, तळाशी गाळासोबत अडीच लिटर राहतात, तासाभराच्या उकळीत साडेतीन उडून जातात. मॉल्ट किलोमागे सुमारे १ लिटर पिऊन घेतो, म्हणजे ५ लिटर. एकूण ३१. त्यातले १५ मॅशला, उरलेले १६ धान्य धुवायला. उकळीला २६ लिटर मिळतात. यातला साडेतीनचा आकडा प्रत्येकाचा वेगळा: भांड्याचं तोंड किती रुंद, जाळ किती मोठा, यावर तो ठरतो. तुमच्या केटलमध्ये तासभर नुसतं पाणी उकळा, निवल्यावर मोजा. गरम मोजलंत तर फसाल. उकळतं पाणी निवताना सुमारे ४ टक्के आक्रसतं.

तापमानाचंही तसंच. किलोला ३ लिटर पाणी आणि मॅश ६७ अंशांवर हवा, तर २० अंशांच्या धान्यासाठी सॉफ्टवेअर ७३.४ अंशांचं पाणी सांगेल. आपल्याकडे धान्यच ३० अंशांचं असतं, तिथे ७२.१ पुरे.

आता एफिशिअन्सी, म्हणजे मॉल्टमधली किती साखर हाती लागली ते. इथे फार गोंधळ होतो, म्हणून जरा थांबतो. चांगला पेल (फिकट) मॉल्ट किलोला सुमारे ३०० पॉइंट देऊ शकतो (लिटरभर पाण्याची घनता १.००० वरून १.००१ करणारी साखर म्हणजे एक पॉइंट), म्हणजे आपल्याकडे १५०० आहेत. उकळीपूर्वी २६ लिटर, ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) १.०४५, म्हणजे लिटरला ४५ पॉइंट. सव्वीस गुणिले पंचेचाळीस, ११७०. ही मॅशची एफिशिअन्सी, ७८ टक्के. फर्मेंटरमध्ये २० लिटर, १.०५२, म्हणजे १०४०, ६९ टक्के. मधले ९ टक्के गाळासोबत केटलमध्येच राहिले, मॅशचा त्यात काहीच दोष नाही. सॉफ्टवेअर कुठला आकडा मागतंय हे नीट वाचा. ७८ आकडा ६९च्या रकान्यात भरलात, तर बिअर पातळ होणारच.

ग्रॅव्हिटी मोजणारा हायड्रोमीटर बहुधा २० अंशांसाठी आखलेला असतो. ३० अंशांच्या वर्टमध्ये (मॉल्टच्या गोड रसात) तो अडीच पॉइंट कमी दाखवतो, आणि तेवढ्यानेच ६९चे ६६ दिसतात. पावसाळ्यात उघडा राहिलेला मॉल्ट ओलावा धरतो. मग किलोत पाण्याचं वजन वाढतं, साखर घटते, शिवाय तो नीट दळलाही जात नाही. मला विचाराल तर एफिशिअन्सी घसरली की आधी दळण बघावं, पाण्याचे क्षार नंतर.

समजा पुढच्या खेपेला १.०५५ हवी आहे. २० लिटरचे ११०० पॉइंट, ६९ टक्क्यांनी सुमारे ५.३ किलो मॉल्ट. आणि जास्तीचा मॉल्ट पाणीही जास्त पिणार, तेव्हा ३१ऐवजी ३१.३ लिटर घ्या.